दोन महाराज, वय वर्षे बारा

सोमवार, ८ नोव्हेंबर १८७५. दुपार कलते आहे आणि तुम्ही मुंबईच्या गोदीबाहेर गर्दीत उभे आहात. डोकं झाकून घ्या. पागोटं नसेल तर निदान टोपी हवी. या गर्दीत उघड्या डोक्याचा माणूस म्हणजे एकतर सुतकातला, नाहीतर वेडा.

दुसरं म्हणजे गेटवे शोधू नका. तो अजून कुणाच्या डोक्यातही नाही. पालवा बंदरावर कमान येईल ती या पाहुण्याच्या मुलासाठी, आणि तीही तो येऊन गेल्यावर. बोरीबंदरला घुमट नाही, जी.आय.पी. रेल्वेचं साधं स्थानक आहे. राजाबाई टॉवर अर्ध्यावर आहे, हायकोर्टाचं बांधकाम चालू आहे. कोटाच्या भिंती पाडून जेमतेम दहा-बारा वर्षं झालीत. घोड्यांची ट्राम मात्र सुरू झाली आहे, दीड वर्षापूर्वी. आज तिचा उपयोग नाही, रस्ते माणसांनी भरलेत.

तोफा सुरू होतात. बंदरात पांढऱ्या रंगाचं एक मोठं जहाज उभं आहे, ‘सेरापिस’. मूळचं सैन्य वाहून नेणारं, या सफरीसाठी आतून सजवलेलं. त्यावरून राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, वेल्सचा युवराज आल्बर्ट एडवर्ड, उतरतो. अंगाने भरलेला, दाढीवाला. उद्या त्याचा चौतिसावा वाढदिवस. बायकोला तो घरीच ठेवून आलाय. बरोबर सरदार-उमराव आहेत, डॉक्टर आहे, चित्रकार आहे, मुंबईचे जुने गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर आहेत आणि दौऱ्याचं वर्णन लिहायला ‘टाइम्स’चा नामांकित बातमीदार विल्यम रसेल आहे. स्वागताला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक. या सफरीसाठी लंडनच्या पार्लमेंटने साठ हजार पौंड मंजूर केले, तेव्हा तिथल्या मजुरांच्या पुढाऱ्यांनी विरोध केला होता. हा खर्च कशासाठी, असं विचारणारे लोक लंडनमध्ये होते. इथे, या गर्दीत, तो प्रश्न मोठ्याने विचारणारं कुणी दिसत नाही.

मिरवणुकीबरोबर चालू लागा. गोदीपासून परळपर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि तो मुद्दामच देशी वस्तीतून काढलाय. दिवाळी नुकतीच होऊन गेली आहे, त्यामुळे पणत्या आणि तोरणं घराघरांत तयारच होती. गच्च्यांवर बायका, खिडक्यांत मुलं, झाडांवर मोठी मुलं. एके ठिकाणी इंग्रजी अक्षरांत एक फलक टांगला आहे: तुमच्या आईसाहेबांना सांगा, आम्ही सुखात आहोत, अशा अर्थाचा. युवराजाबरोबरचे लोक तो वाचून हसतात. हसू द्या.

सुखाबद्दल बोलायचं तर याच वर्षीच्या मे महिन्यात, १२ तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या आणि कर्जरोखे पेटवले. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. त्या रोख्यांची राख उडून सहा महिने झालेत. तिकडून मुंबईत पोटासाठी आलेली माणसं या गर्दीत, तुमच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यांना राजपुत्र बघायचाय. यात विसंगती आहे असं तुम्हाला वाटेल. मला वाटत नाही. फुकटचा तमाशा आणि पोटातला राग एकाच माणसात सुखाने राहू शकतात.

आता मंगळवार, ९ नोव्हेंबर. आज तुम्हाला परळच्या लाटसाहेबांच्या बंगल्यात शिरायचंय. तुमच्या काळात तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, साप आणि लशींसाठी प्रसिद्ध. आज तिथे दरबार आहे. चोपदारांच्या रांगेत मागे उभे राहा, हातात काहीतरी धरा आणि पुढे बघत राहा. नोकराकडे कुणी पाहत नाही.

संस्थानिक एकेक करून येणार आहेत. आधी प्रत्येकाच्या तोफा ठरलेल्या. मग युवराज गालिच्यावर किती पावलं पुढे येऊन भेटणार, संस्थानिकाचे किती सरदार आत येणार, बसायला कुठल्या हाताला, अत्तर-पान कुणी द्यायचं, हे सगळं कागदावर मांडलेलं आहे. एक पाऊल जास्त आलं तर शेजारच्या राज्याचा कारभारी रात्रभर झोपणार नाही. हसू नका, हे पोरखेळ नाहीत. ज्यांच्या हातून फौजा गेल्या, परराष्ट्र गेलं, कुणाशी लढायचं आणि कुणाशी बोलायचं हे ठरवण्याचा हक्क गेला, त्यांच्याकडे पावलं मोजण्यापलीकडे मोजायला उरलंय काय?

पहिला येतो कोल्हापूरचा छत्रपती. तुम्ही मान उंचावता आणि मग खाली करता, कारण समोर एक मुलगा आहे. शिवाजी महाराज, चौथे. वय बारा. जडजवाहीर त्याच्या अंगावर आहे की तो जडजवाहिराच्या आत आहे, हे नीट सांगता येत नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच्या आधीचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. गादीला वारस नव्हता, म्हणून १८७१ मध्ये हा मुलगा दत्तक आला.

नंतर म्हैसूरचा महाराजा चामराजेंद्र येतो. तोही बारा वर्षांचा. तोही दत्तक. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह येतात, सोळा वर्षांचे. हैदराबादचा निजाम नऊ वर्षांचा आहे, तो आलाच नाही, त्याच्या वतीने दिवाण सालारजंग आलेत. आणि मग बडोद्याचा गायकवाड. हा तर सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मालेगावजवळच्या कवळाणे गावात गोपाळ नावाने रानात हिंडत होता. एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी मे महिन्यात या शेतकऱ्याच्या मुलाला दत्तक घेतलं. आता तो सयाजीराव, तिसरे. वय बारा. एकवीस तोफांचा मानकरी. त्याच्या मागे दिवाण टी. माधवराव सावलीसारखे आहेत. ते मूळचे तंजावरकडचे मराठी देशस्थ, आधी त्रावणकोर आणि इंदूर सांभाळून आलेले. मुलगा कधी उठतो, कधी बसतो, याकडे त्यांचं बारीक लक्ष आहे.

तुमच्या लक्षात एक गोष्ट यायला हवी. सत्तावीस वर्षांपूर्वी याच सरकारने साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर म्हणून गिळलं. सत्तावन्न झालं आणि धोरण फिरलं. दत्तक चालेल, अशा सनदा वाटल्या गेल्या. आज जे समोर दिसतंय ते त्या सनदांचं फळ. राज्य खालसा करण्यापेक्षा राजा लहान असणं किती सोयीचं असतं, हे परळच्या या एका सकाळी स्पष्ट होतं. मुलगा मोठा होईपर्यंत कारभार रेसिडेंट आणि दिवाण बघणार. मुलाला शिकवायला इंग्रज शिक्षक येणार. गादी शाबूत, गादीवरचा माणूस घडवण्याचं काम मात्र आपल्या हातात.

आणि अशा मुलाला तुम्ही काय द्याल? तलवार देता येते, पुस्तक देता येतं, अंगठी देता येते. ते सगळं या दौऱ्यात दिलं गेलं. पण त्याच्या जोडीला एक छोटी गोष्ट आहे, आणि तुम्हाला इथे मी आणलंय ते तिच्यासाठी.

पदक. जवळून बघा. ते गोल नाही, लंबवर्तुळाकार आहे, वर फितीसाठी कडी. एका बाजूला युवराजाचा चेहरा, डावीकडे बघणारा, भोवती पानांची माळ. मागच्या बाजूला वेल्सच्या युवराजाचं चिन्ह, मुकुटातून निघालेली तीन पिसं, भोवती ‘स्टार ऑफ इंडिया’ या मानाच्या संप्रदायाची साखळी, आणि दौऱ्याचं साल. मुंबई कुठेच नाही. हिंदुस्थान आहे तो फक्त नावापुरता, अक्षरांत. समुद्र नाही, हत्ती नाही, या दालनातला एकही माणूस नाही. पाहुणा येऊन गेल्याची आठवण यजमानाच्या गळ्यात बांधायची, आणि आठवणीत यजमानाला जागा ठेवायची नाही, अशी ही रचना.

सोन्याची पदकं पन्नासच्या आत काढली. ती मानाच्या संस्थानिकांसाठी आणि अगदी वरच्या लोकांसाठी. चांदीची दोनशेच्या आत. त्याखाली स्वस्त, पांढऱ्या धातूची. व्हिक्टोरियन काळात पदक पाडणं हे यंत्राचं काम झालं होतं. शिल्पकाराने मोठ्या आकारात चेहरा घडवायचा, यंत्राने त्याची लहान प्रत पोलादात कोरायची, ते पोलाद तापवून, विझवून कडक करायचं आणि मग दाबयंत्राखाली चकत्या ठेवून छाप उमटवत जायचं. एकदा ठसा तयार झाला की सोनं आणि कथील यांच्यात यंत्र फरक करत नाही. फरक करतो तो वाटणारा. एकच चेहरा, एकच साचा, आणि धातू बदलला की माणसाची पायरी बदलली. नवीन जात काढायला धर्मग्रंथ लागत नाहीत, टांकसाळ पुरते.

तुम्ही विचाराल, संस्थानिकांनी काय दिलं? देशभर फिरून युवराज परत गेला तेव्हा त्याच्याबरोबर दोन हजारांहून अधिक वस्तू होत्या. रत्नजडित तलवारी, खंजीर, ढाली, अत्तरदाण्या, पानदान, मीनाकाम, किनखाब. १८७६ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला त्यांचं प्रदर्शन मांडलं, १८७८ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही. त्याची माहितीपुस्तिका लिहिली जॉर्ज बर्डवूड यांनी. आपल्या राणीच्या बागेतलं संग्रहालय उभं करण्यात ज्यांचा मोठा हात होता, तेच डॉक्टर बर्डवूड. हिशोब तुम्हीच मांडा: तिकडून तोळ्यांत मोजावं एवढं सोनं, इकडून जहाज भरेल एवढी कारागिरी. लग्नात आहेर परत करताना आपल्याकडे आजही जो हिशोब घातला जातो, तो लावला तर हा व्यवहार मोडला असता.

दालनातून बाहेर पडा. संध्याकाळी शहर दिव्यांनी उजळेल, वाढदिवस आहे. पुढचे काही दिवस मी तुम्हाला झरझर नेतो. ११ तारखेला युवराज गोदीचा पायाचा दगड बसवतो. तो इंग्लंडच्या फ्रीमेसन मंडळींचा प्रमुख आहे, म्हणून त्यांच्या विधीने. तीच पुढची प्रिन्सेस डॉक. १८८० मध्ये ती उघडेल आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याचं जहाज फुटेल तेव्हा तिचीही वाताहत होईल. १२ तारखेला घारापुरीच्या लेण्यात मेजवानी. त्रिमूर्तीसमोर काटे-चमचे. पुण्याला जाऊन आला, मग बडोदा. आल्बर्ट ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याने या भेटीची आठवण म्हणून युवराजाचा घोड्यावरचा काळा पुतळा शहराला दिला, तो १८७९ मध्ये उभा राहिला. तो घोडा इतका लोकांचा झाला की चौकालाच काळा घोडा म्हणू लागले. स्वार कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. २०१७ मध्ये चौकात नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. मुंबईने मागाहून केलेली ही दुरुस्ती मला फार आवडते.

पण आपल्याला कोल्हापूर आणि बडोद्याच्या त्या दोन मुलांच्या मागे जायचंय.

१ जानेवारी १८७७, दिल्ली. व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली म्हणून दरबार. पुन्हा पदकं, या वेळी मोठी, तळहातावर मावतील एवढी, संस्थानिकांना सोन्याची, गळ्यात घालायची. सयाजीरावांना किताब मिळतो, इंग्रज सरकारचे खास पुत्र अशा अर्थाचा. दख्खनेत या वेळी दुष्काळ सुरू झालाय, आणि तो साधासुधा नाही. या गर्दीत जरा बाजूला बघा. हातमागाच्या जाड्याभरड्या खादीत एक गृहस्थ उभे आहेत. गणेश वासुदेव जोशी, पुण्याच्या सार्वजनिक सभेचे, लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणतात. छातीवर काही नाही. एवढ्या झगमगाटात त्यांचं नुसतं असणं डोळ्यांत भरतं. अकरा वर्षांनी, मार्च १८८८ मध्ये, पुण्यात राणीचा दुसरा एक मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात जाऊन बसतील आणि पाहुण्याला सांगतील की, समोर दिसणारी ही दागिन्यांनी मढलेली माणसं म्हणजे हा देश नव्हे. मला या दोघांची वेशभूषा कुठल्याही पदकापेक्षा विचारपूर्वक घडवलेली वाटते.

आता एक कठीण थांबा. २५ डिसेंबर १८८३, अहमदनगर. नाताळचा दिवस. तुम्ही इथे आत जाऊ शकत नाही, आणि मी तुम्हाला जाऊ देणारही नाही. आत जो वीस वर्षांचा तरुण आहे तो परळच्या दालनात सर्वांत आधी आलेला मुलगा. त्याला वेड लागलं असं सरकारने ठरवलं, कोल्हापूरपासून दूर आणून इथे ठेवलं. कोल्हापुरात कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांचा छळ केल्याचे आरोप झाले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्या संबंधातली पत्रं छापली. पत्रं बनावट ठरली, अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांचं त्या एकशे एक दिवसांवरचं पुस्तक आपल्याकडे अजून वाचलं जातं. पण ज्याच्यासाठी ते आत गेले, त्याच्याविषयी मराठी वाचकाला विचारा. बहुतेकांना नावही आठवत नाही. ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाला त्याच्यावर देखरेखीला ठेवलं होतं. आज त्या दोघांत झटापट होते आणि छत्रपती मरतात.

युवराजाचा हात ज्याच्या हातात आला, मानाच्या यादीत ज्याचं नाव अग्रभागी होतं, त्याला आठ वर्षांनी एका शिपायापासून वाचवायला कुणी नव्हतं. पदकाची ताकद किती, हे ज्याला मोजायचंय त्याने हे टोक पाहिलंच पाहिजे.

पुढचा थांबा १२ डिसेंबर १९११, पुन्हा दिल्ली. थंडी आहे, शाल घ्या. परळचा तो दाढीवाला युवराज सातवा एडवर्ड होऊन गेल्या वर्षी वारला. आता त्याचा मुलगा पंचम जॉर्ज स्वतः आलाय. हिंदुस्थानात येऊन स्वतःचा दरबार भरवणारा हा पहिला आणि शेवटचा ब्रिटिश बादशहा. दहा दिवसांपूर्वी तो मुंबईत पालवा बंदरावर उतरला, तात्पुरत्या मंडपात. इथे घालायला त्याने नवा मुकुट घडवून आणलाय. इंग्लंडचा राजमुकुट देशाबाहेर न्यायचा नाही असा नियम, म्हणून हा वेगळा. खर्च साठ हजार पौंड, हिंदुस्थानच्या तिजोरीतून. १८७५ च्या दौऱ्याला पार्लमेंटने दिले होते तेवढेच, फक्त तेव्हा पैसे त्यांचे होते. तो मुकुट पुन्हा कधी कुणा राजाने डोक्यावर घातला नाही, लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलाय.

पदकही आहेच. एका बाजूला राजा-राणीचे मुकुटधारी चेहरे शेजारी शेजारी, दुसऱ्या बाजूला फार्सी अक्षरं. दोनशे सोन्याची, चांदीची पंचवीस हजारांहून अधिक. छत्तीस वर्षांत केवढा बदल! सोनं अजून राखीव आहे, पण चांदी आता पलटणीतल्या सुभेदारापर्यंत आणि कचेरीतल्या वरच्या कारकुनापर्यंत खाली उतरली आहे. साम्राज्याला आता राजेच नव्हे, नोकरही पदकाने बांधायचे आहेत.

संस्थानिकांनी एकेक करून सिंहासनासमोर जायचं, तीनदा लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं. सगळ्यांना आधी शिकवलंय. पहिला निजाम जातो. दुसरा गायकवाड.

बघा नीट. हाच तो कवळाण्याचा गोपाळ. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा, हातात छडी. पोशाख पांढरा, साधा. राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाच वर्षं झालीत, वाचनालयांचं जाळं विणायला घेतलंय. पुढे आंबेडकर नावाच्या एका विद्यार्थ्याला परदेशी पाठवणारे तेच आहेत. ते पुढे जातात, एकदा, थोडंसं लवतात, आणि वळून चालू लागतात. पाठ बादशहाकडे.

मंडपात आधी काही होत नाही. मग कुजबूज. मग इंग्रजी वर्तमानपत्रं. मग चलच्चित्रात ते दृश्य लंडनच्या पडद्यावर, जिथे लोक ते बघून ओरडतात. हा अपमान ठरवून केला की गोंधळात झाला, यावर शंभर वर्षं वाद चाललाय. सयाजीरावांनी नंतर दिलगिरीचं पत्र दिलं, आपण गडबडलो असं कळवलं, हेही खरं. माझं मत विचाराल तर बाराव्या वर्षापासून गालिच्यावरची पावलं मोजायला शिकलेला माणूस पावलांत चुकत नाही. पण ते माझं मत. तुम्ही तिथे उभे आहात, तुम्ही बघा आणि ठरवा.

शेवटचा थांबा छोटा आहे. १७ नोव्हेंबर १९२१, मुंबई. पंचम जॉर्जचा मुलगा एडवर्ड पालवा बंदरावर उतरतो. गेटवेचं काम अजून पूर्ण व्हायचंय. बंदरावर फलक आहेत, फुलं आहेत. पण तुम्ही परळला चला. लाटसाहेबांच्या त्या जुन्या बंगल्यापासून फार लांब नसलेल्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कपड्यांचा डोंगर पेटलाय आणि गांधीजी बोलताहेत. शहरात हरताळ आहे. दुपारपर्यंत दंगल पेटते, स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि युरोपियन लोकांवर हल्ले होतात, मग उलट हल्ले. पन्नासहून अधिक माणसं मरतात. गांधीजी उपास धरतात. याही दौऱ्याचं अधिकृत पदक निघालं, पण तेही शंभरच्या आत, दौऱ्याच्या व्यवस्थेतल्या मोजक्या लोकांसाठी. मुंबईच्या रस्त्यावर मेलेल्यांपेक्षा ती पदकं थोडीच जास्त.

दोन दिवसांनी हा युवराज पुण्यात शिवछत्रपतींच्या पुतळ्याचा पाया घालतो. त्याला बोलावून आणलंय कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. ब्राह्मणेतर चळवळीला बळ देणाऱ्या शाहूंनी इंग्रज राजपुत्राच्या हातून शिवरायांचा पाया घालून घ्यावा, यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. टीका करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शाहू हे नगरला मेलेल्या त्या वीस वर्षांच्या छत्रपतींच्या विधवेने, आनंदीबाईंनी, दत्तक घेतलेले. इंग्रज काय देऊ शकतात आणि काय हिरावू शकतात, हे त्यांना घरातच शिकायला मिळालं होतं. पुतळा व्ही. पी. करमरकरांनी घडवला, १९२८ मध्ये उभा राहिला. तो आजही पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे, जाऊन बघता येतो.

आता परत या, आणि घरातली जुनी पेटी उघडा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, जिथे जिथे मराठी माणूस संस्थानात किंवा पलटणीत होता, तिथे घराघरांत अशी पदकं पडून आहेत. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव आणि नंबर कोरलेला असतो, त्यामुळे त्याचा माग लागतो. १९११ च्या दरबारी पदकावर सरकारने नाव कोरलेलंच नाही. कुणाला मिळालं आणि कशासाठी, हे घरातल्या माणसाला माहीत असेल तरच कळतं. म्हणून दोन विनंत्या. चिंच, लिंबू, ब्रासो, काहीही लावून ते घासू नका, वरचा काळा थर घालवलात तर छाप झिजते आणि मोलही जातं. आणि सराफाकडे वितळवायला नेण्याआधी आजीला, मामांना, जे कुणी हयात असेल त्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा: हे कुणाचं, कधीचं, त्याने काय केलं म्हणून मिळालं. आणि त्या घरात कुणी असं पदक नाकारलं असेल, तर तेही लिहा, कारण त्याची नोंद कुठल्याही सरकारी यादीत सापडणार नाही.